डनॉटरचा गड आणि कीथांचे वतन

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ॲबर्डीन शहराच्या दक्षिणेस, स्टोनहेवन नावाचे जे लहानसे बंदर आहे, तेथून सुमारे दोन मैलांवर उत्तर समुद्रात घुसलेला एक अजस्र खडक आहे. नदीतले गोटे चुन्यात कालवून ओतावेत तशा घडणीचा हा पाषाण तिन्ही अंगांनी दीडशे फुटांहून अधिक उंच असा ताठ तुटलेला असून चौथ्या अंगाला मुख्य भूमीशी त्याचा जो सांधा आहे तो इतका चिंचोळा व खोलगट आहे की, गडावर जाणाऱ्यास प्रथम पार समुद्रकाठापर्यंत उतरावे आणि मग दरवाजाच्या तोंडाशी पुन्हा चढावे लागते. माथ्यावर तीन-साडेतीन एकरांची सपाटी आहे. तीवर एक छप्पर उडालेला चौमजली बुरूज, चौकाभोवती उभ्या असलेल्या वाड्याच्या ओसाड भिंती, एक देऊळ, एक लोहारशाळा, तबेल्याची लांबट इमारत आणि पावसाचे व झऱ्याचे पाणी साठविण्याचे वाटोळे टाके एवढे अवशेष आज उरले आहेत. हाच डनॉटरचा गड. सुमारे सव्वातीनशे वर्षे तो कीथ या घराण्याकडे होता, आणि म्हणून त्याचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार तो कीथांचा इतिहास म्हणूनच लिहितात. ते वावगे आहे असे नाही. तथापि गडावर जे प्रसंग घडले ते जरा जवळून पाहिले असता असे आढळून येते की, ऐन कसोटीच्या वेळी गडाचा धनी गडावर बहुधा नसे, आणि एकदा होता तेव्हा तो तटावर उभा राहून पाहत बसला. गड राखला तो दुसऱ्यांनी. मान मिळाला तो तिसऱ्यांना.

कीथांच्या पूर्वीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. आयर्लंडातील जुन्या बखरींत या परिसरातील दुर्गाला पडलेल्या वेढ्याची नोंद इसवी सन ६८१च्या सालाखाली आहे. ९००च्या सुमारास स्कॉटांचा राजा दुसरा डॉनल्ड येथेच नॉर्स चाच्यांशी लढताना पडला असे सांगतात. आणि ९३४मध्ये इंग्लंडचा राजा ॲथेलस्टन उत्तरेत मुलूखगिरी करीत आला तो डनॉटरपर्यंत येऊन पोहोचला. पुढे खडकावर एक ग्रामदेऊळ उभे राहिले व १२७६मध्ये सेंट अँड्रूजच्या बिशपाने त्याची विधिपूर्वक प्रतिष्ठा केली. १२९७मध्ये विल्यम वॉलेसने गड घेतला तेव्हा इंग्रजांची शिबंदी या देवळात आश्रयाला शिरली आणि वॉलेसने देवळासकट तिला जाळून टाकले, अशी कथा आंधळा हॅरी नामक चारणाने वर्णिली आहे. त्याने दिलेला मृतांचा चार हजारांचा आकडा त्या टीचभर देवळात कसा मावावा याची चिंता चारणांना नसते. १३३६मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने गडाची डागडुजी करून तेथे आपले लोक ठेवले, परंतु वर्ष संपण्यापूर्वीच सर अँड्रू मरे याने त्यांना हुसकून लावले.

कीथ घराण्याचा मूळपुरुष कोण याविषयी भाटांनी जे रचून ठेवले आहे त्यात एका तरुण वीराने १०१०मध्ये डॅनिश सरदार कामुस याला ठार मारले आणि राजा दुसरा माल्कम याने आपली बोटे त्या मृताच्या रक्तात बुडवून वीराच्या ढालीवर तीन उभे पट्टे ओढले, असा एक देखणा प्रसंग आहे. कीथांच्या निशाणावर तीन उभे पट्टे आहेत एवढे खरे. कागदोपत्री जे दिसते ते याहून साधे आहे: बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याने हर्व्हे नावाच्या एका सरदाराला पूर्व लोथियनमधील कीथ या गावची जमीन दिली, आणि गावाचे नाव घराण्याला चिकटले. म्हणजे आज ज्याला कीथांचा क्लॅन म्हणतात तो डोंगराळ मुलखातील गेलिक भाषिक कुळांप्रमाणे रक्ताच्या भाऊबंदकीतून वाढलेला नसून राजाच्या सनदेतून जन्मलेला आहे, आणि त्याचे सारे बळ जमिनीइतकेच एका हुद्द्यावर उभे आहे. हा हुद्दा मारिशलचा. प्रारंभी राजाच्या पागेची व्यवस्था, पुढे रणांगणावर घोडदळाचे आधिपत्य आणि पार्लमेंट भरले असता राजमुकुट, राजदंड व खड्ग या तीन राजचिन्हांची रखवाली, अशी या हुद्द्याची कामे होती व तो वंशपरंपरेने कीथांकडे चालत आला. आपल्याकडील परिभाषेत बोलायचे तर ते त्यांचे वतन होते. १३१४मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत सर रॉबर्ट कीथ याने पाचशे हलक्या घोडेस्वारांनिशी इंग्रज तिरंदाजांच्या फळीवर बाजूने हल्ला चढवून ती उधळून लावली, आणि लढाईचे पारडे फिरविणाऱ्या कारणांत या एका हल्ल्याची गणना होते. सुमारे १४५८मध्ये घराण्याला अर्लची पदवी मिळाली तेव्हा इतर अर्ल जसे आपापल्या परगण्याच्या नावाने ओळखले जात तसे न होता कीथांचा प्रमुख ‘अर्ल मारिशल’ म्हणजे हुद्द्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

गड त्यांच्याकडे आला तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस. सर विल्यम कीथ याने फाइफमधील आपली जमीन लिंडसे घराण्याला देऊन तिच्या मोबदल्यात डनॉटर घेतले आणि लागलीच माथ्यावर एक भक्कम बुरूज उभारावयास आरंभ केला. खडकाची भूमी देवळाची, विधिपूर्वक पवित्र केलेली; तिच्यावर सरदाराने लढाऊ बुरूज बांधावा हे सेंट अँड्रूजच्या बिशपाला सहन होणे शक्य नव्हते. त्याने विल्यमला धर्मबहिष्कृत केले. त्या काळी युरोपात दोन पोप होते आणि स्कॉटलंड अव्हिन्यों येथील पोपला मानीत असे. विल्यमने थेट त्याच्याकडे दाद मागितली, ‘काळ धामधुमीचा असून गावकऱ्यांच्या रक्षणासाठी बुरूज आवश्यक आहे’ असा युक्तिवाद केला, आणि १३९५मध्ये तेराव्या बेनेडिक्ट पोपने, चर्चला योग्य ती भरपाई करून द्यावी अशा अटीवर, बहिष्कार उठविण्याचा हुकूम पाठविला. ग्रामदेऊळ मग मुख्य भूमीवर हलविण्यात आले. देवाची जागा घेऊन गड बांधला ही गोष्ट मात्र लोकांच्या मनातून गेली नाही, आणि पुढे दोनशे वर्षांनी ती एका नव्या निमित्ताने वर आली.

ते निमित्त असे. सोळाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये धर्मक्रांती झाली, मठ मोडले, आणि मठांच्या जमिनी ज्या सरदारांच्या घरात गेल्या त्यांत कीथ अग्रभागी होते. चौथा अर्ल विल्यम हा इतका घरकोंबडा की लोक त्याला ‘बुरुजातला विल्यम’ म्हणत. पण त्याच्या मिळकतीचा विस्तार असा की, इंग्लंडच्या सीमेवरील बेरिकपासून देशाच्या उत्तर टोकापर्यंत प्रवास करताना त्याला रोज रात्री आपल्याच जमिनीवर मुक्काम करता येईल, असे म्हणण्याचा प्रघात पडला होता. त्याचा नातू पाचवा अर्ल जॉर्ज हा कीथांतील सर्वांत विद्वान पुरुष. जिनिव्हात जाऊन तो धर्मशास्त्र शिकला. १५८९मध्ये राजा सहावा जेम्स याच्या विवाहासाठी वकील म्हणून डेन्मार्कला गेला व राजाच्या वतीने राजकन्या ॲन हिच्याशी प्रतिनिधीविवाह लावून आला. आणि १५९३मध्ये ॲबर्डीनला त्याने जे महाविद्यालय स्थापन केले ते ‘मारिशल कॉलेज’ या नावाने आजही प्रसिद्ध आहे. गडावरील चौकाचा वाडा, त्यातील दिवाणखाना, लांब सज्जा आणि पाहुण्यांसाठी एका ओळीत बांधलेल्या सारख्या खोल्या, ही बहुतेक बांधणी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली व त्यानंतरची आहे. म्हणजे लढाऊ गडाचा सुखवस्तू वाडा झाला तो याच काळात. परंतु डिअर येथील सिस्टर्शियन मठाची सारी जमीन घराण्याने गिळली म्हणून लोक नावे ठेवीत. अर्लने त्यावर उत्तर म्हणून एक बोधवाक्य घेतले व ते दगडावर कोरविले. त्याचा आशय एवढाच की, लोक बोलतात, काय बोलतात, बोलोत बापडे. विद्येला उदार आश्रय देणारा हा मनुष्य मठाची जमीन परत करण्याइतका उदार नव्हता.

अर्लच्या पत्नीची मात्र या निश्चिंतीत भागीदारी नसावी. तिला एक स्वप्न पडले असे तत्कालीन लेखक सांगतो: डिअरचे साधू डनॉटरच्या खडकापाशी आले असून लेखणी तासण्याच्या चिमुकल्या चाकूंनी तो अजस्र कडा कोरीत बसले आहेत. तो वेडेपणा नवऱ्याला दाखवून दोघांनी मिळून हसावे म्हणून ती त्याला बोलावण्यास गेली आणि परत येऊन पाहते तो खडक कोसळलेला, वाडा समुद्रात, आणि लाटांवर घरातले सामानसुमान तरंगत आहे. हे स्वप्न घराण्याचा नाश झाल्यावर लिहिले गेले असते तर त्याची किंमत शून्य ठरली असती. पण ते नमूद झाले त्या वेळी कीथांच्या ऐश्वर्याला अजून ओहोटी लागलेली नव्हती.

सतराव्या शतकाच्या मध्याला राजा, पार्लमेंट आणि धर्मसभा यांच्या त्रिकोणी भांडणात सारे स्कॉटलंड होरपळून निघाले. ‘कव्हेनंट’ म्हणजे बिशपांची सत्ता न मानण्याचा जो राष्ट्रीय करारनामा झाला होता, त्याच्या बाजूला सातवा अर्ल विल्यम होता. त्याचा पूर्वीचा सहकारी माँट्रोजचा मार्क्विस आता राजपक्षाला मिळून १६४५मध्ये सैन्यानिशी गडाखाली आला आणि त्याने अर्लला आपल्या बाजूस येण्याचे निमंत्रण दिले. अर्ल दरवाजे लावून आत बसला. त्याच्याबरोबर सोळा धर्मोपदेशक आश्रयाला होते, आणि त्यांनी त्याला कच खाऊ दिली नाही. मग माँट्रोजने स्टोनहेवन, कौई आणि आजूबाजूची सारी कीथांची गावे, धान्याच्या गंजी, नावा, घरे जाळून टाकली. आपल्या रयतेची घरे पेटलेली पाहून तटावर उभ्या असलेल्या अर्लला गहिवर आला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या अँड्रू कँट नावाच्या उपदेशकाने, हा धूर परमेश्वराला सुगंधी धूपासारखा प्रिय होईल, अशा अर्थाचे सांत्वन केले म्हणतात. रयत गडाच्या पायथ्याशी येऊन आक्रोश करीत होती. तिला हा धूप कसा लागला असेल हे सांगायला नको.

यानंतर सहा-सात वर्षांनी जो प्रसंग घडला त्यासाठी डनॉटरचे नाव स्कॉटलंडच्या मुलामुलींना पाठ असते. इंग्लंडात १६४९मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, आणि क्रॉमवेलच्या राजवटीने तेथील राजमुकुट वितळवून त्याचे सोने विकले. स्कॉटांनी मृत राजाच्या मुलाला आपला राजा मानून १ जानेवारी १६५१ रोजी स्कून येथे त्याला राज्याभिषेक केला. त्यापूर्वीच्या उन्हाळ्यात हा तरुण राजा डनॉटरला अर्लचा पाहुणचार घेऊन गेला होता. एडिंबरोचा किल्ला त्या आधीच इंग्रजांच्या हाती पडल्यामुळे अभिषेकानंतर राजचिन्हे ठेवावीत कोठे असा प्रश्न उभा राहिला. मुकुट १५४०मध्ये पाचव्या जेम्सने नव्याने घडविलेला, राजदंड व खड्ग पोपांनी पूर्वीच्या राजांना भेट पाठविलेली. हे सारे वंशपरंपरागत रखवालदाराने आपल्या दुर्गम गडावर न्यावे असे पार्लमेंटने १६५१च्या जूनमध्ये ठरविले. ऑगस्टच्या अखेरीस आलिथ गावी इंग्रज घोडदळाने अचानक छापा घालून स्कॉट पुढाऱ्यांचा एक समुदायच पकडला, त्यात अर्ल मारिशलही सापडला, आणि त्याची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली. म्हणजे राजचिन्हे गडावर, आणि त्यांचा मानकरी लंडनला कैदेत!

गडाची किल्लेदारी बॅरसच्या जॉर्ज ओगिल्वी नावाच्या एका मध्यम प्रतीच्या जमीनदाराकडे होती. शिबंदी शंभराच्या आत. धान्य, दारूगोळा बेताचा. आणि सप्टेंबरात इंग्रजांनी वेढा घातला. शरण येण्याविषयी निरोपावर निरोप येत राहिले, आणि ओगिल्वी राजाकडे मदतीसाठी पत्रांवर पत्रे पाठवीत राहिला; राजा तोवर वूस्टरच्या लढाईत सर्वस्व गमावून युरोपात पळाला होता. हिवाळा असा गेला. मोठ्या तोफा आल्या की गड टिकणार नाही हे ओगिल्वीइतकेच त्याची बायको एलिझाबेथ डग्लस हिलाही कळत होते. राजाची खासगी कागदपत्रे प्रथम निघाली: तिच्या नात्यातल्या ॲन लिंडसे नावाच्या तरुणीने ती आपल्या कमरपट्ट्यात शिवून घेतली आणि इंग्रजांच्या चौकीतून बाहेर नेली.

राजचिन्हांचा प्रश्न याहून अवघड होता, कारण खड्ग व त्याचे म्यान मिळून माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारे. तो सोडविला ख्रिश्चन फ्लेचर या बाईने. दक्षिणेस सहा-सात मैलांवर किनेफ नावाचे खेडे आहे, तेथील धर्मोपदेशक जेम्स ग्रेंजर याची ती बायको. अर्लची वृद्ध आई या मसलतीच्या मुळाशी होती. १६५२च्या मार्चच्या आरंभी ख्रिश्चन फ्लेचर किल्लेदाराच्या बायकोला भेटण्याच्या निमित्ताने, इंग्रज सेनापतीची परवानगी घेऊन गडावर गेली, आणि परतताना मुकुट तिच्या पदराआड होता, राजदंड व खड्ग दासीच्या पाठीवरील तागाच्या भाऱ्यात लपविलेले होते. इंग्रज सेनापतीनेच शिष्टाचार म्हणून तिला हात देऊन घोड्यावर बसविले असे जे सांगतात ते खरे असेल तर इतिहासात इतका महागडा शिष्टाचार क्वचितच कोणी केला असेल. दुसरी एक हकीकत अशी आहे की, राजचिन्हे दोराने कड्यावरून खाली सोडली आणि समुद्रकाठी खाण्याचे शेवाळ गोळा करण्याच्या मिषाने कित्येक दिवस येत असलेल्या दासीने ती टोपलीत घालून नेली. दोन्ही हकीकतींत पुरुषांना काम नाही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ग्रेंजरने ३१ मार्चला अर्लच्या आईला लिहून दिलेल्या चिठ्ठीत जागा स्पष्ट आहे: मुकुट व राजदंड देवळात व्यासपीठासमोरच्या फरशीखाली, खड्ग पश्चिमेकडच्या बाकांखाली. पुढे आठ वर्षे नवरा-बायको अधूनमधून रात्री देवळात जाऊन फरशी उचलीत, वस्तू शेकोटीपुढे धरून त्यांतील दमटपणा काढीत आणि नवे कापड गुंडाळून पुन्हा पुरीत.

मे महिन्यात अवजड तोफा आल्या. दहाएक दिवसांच्या भडिमारानंतर ओगिल्वीने कर्नल मॉर्गनशी तह केला आणि शिबंदी सन्मानाने, ढोल वाजवीत, गडाबाहेर पडली. इंग्रज मुकुटासाठी आत धावले तो जागा रिकामी. ओगिल्वी व त्याची बायको यांना कैदेत टाकण्यात आले, कसून विचारपूस झाली. अर्लचा धाकटा भाऊ जॉन कीथ याने राजचिन्हे फ्रान्सला नेऊन राजाला दिली अशी हूल अर्लच्या आईने व तिच्या माणसांनी मुद्दाम उठविली होती, तीच दोघांनी धरून ठेवली.

१६६०मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतला आणि बक्षिसांचा हिशेब सुरू झाला. अर्ल मारिशलला राज्यात उच्च पद मिळाले. जॉन कीथ, ज्याने प्रत्यक्षात फक्त आपले नाव अफवेला उसने दिले होते, तो ‘नाइट मारिशल’ झाला, त्याला वार्षिक नेमणूक मिळाली, व १६७७मध्ये तो किंटोरचा अर्ल झाला. आठ महिने गड लढविणाऱ्या ओगिल्वीला बॅरोनेट ही पदवी मिळाली. तिच्याबरोबर पैसा आला नाही. ख्रिश्चन फ्लेचरला पार्लमेंटने दोन हजार मर्क मंजूर केले. श्रेय कोणाचे यावरून ओगिल्वी आणि किंटोर यांच्या वारसांत पुढच्या शतकाच्या आरंभापर्यंत छापील पत्रके व फिर्यादी चालल्या. या वादात आम्हांला स्वतःला बाजू घ्यावयाची झाली तर ती किनेफच्या त्या बाईची घेऊ. तिच्या वतीने कोणी पत्रक छापले नाही.

इतक्या कौतुकाच्या प्रसंगानंतर तेहतीस वर्षांनी त्याच गडाने जे पाहिले ते सांगताना लेखणी अडखळते. १६८५मध्ये सातव्या जेम्सच्या राज्यारोहणानंतर अर्गाइलच्या अर्लने बंड उभारले, तेव्हा एडिंबरोच्या तुरुंगांतील कव्हेनंट पंथाचे कैदी बंडखोरांना मिळतील या धास्तीने सरकारने त्यांना पायी चालवीत उत्तरेस आणले. १२२ पुरुष आणि ४५ स्त्रिया अशा १६७ जणांना राजाच्या शयनगृहाखालील एका तळघरात कोंबण्यात आले. तळघर सुमारे ५५ फूट लांब व १५ फूट रुंद. समुद्राच्या बाजूला एक खिडकी. खाली घोट्याइतका चिखल. बसावे तर जागा नाही, आणि पाणी प्यावे तर पहारेकरी त्याचेही पैसे घेत. गुन्हा एवढाच की, राजाच्या धर्मसत्तेची शपथ त्यांनी घेतली नाही. किल्लेदार या वेळी कीथ आडनावाचाच होता. त्याच्या बायकोने एकदा आत डोकावून पाहिले आणि तिने रदबदली केल्यावर काहींना दुसऱ्या खोल्यांत हलविण्यात आले. २५ जण खिडकीतून बाहेर पडून कड्यावरून उतरले. त्यांतले दोघे कोसळून मेले, पंधरा पुन्हा पकडले गेले, आणि पकडलेल्यांच्या बोटांच्या बेचक्यांत पेटत्या वाती धरण्यात आल्या. उन्हाळा संपण्यापूर्वी ३७ जणांनी शपथ घेऊन सुटका करून घेतली. उरलेल्यांना जहाजात घालून अमेरिकेत न्यू जर्सीला पाठविले, त्यांतले कितीतरी वाटेतच ज्वराने मेले. गडावर मेलेल्यांची समाधिशिला जवळच्या डनॉटर गावच्या देवळाच्या आवारात आहे. १७९३मध्ये वॉल्टर स्कॉट तेथे गेला असता रॉबर्ट पॅटर्सन नावाचा एक म्हातारा पाथरवट ती शिला छिन्नीने साफ करताना त्याला दिसला; अशा हुतात्म्यांच्या शिला गावोगाव फिरून साफ करण्याचे त्याने व्रत घेतले होते. स्कॉटच्या ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ या कादंबरीचे नाव याच म्हाताऱ्यावरून पडले.

कीथांचा शेवट जवळ आला तो स्टुअर्ट राजघराण्यावरील निष्ठेपायी. १७१५मध्ये पदच्युत राजाच्या मुलासाठी जे बंड झाले त्यात दहावा अर्ल मारिशल जॉर्ज, वय विशीच्या थोडे पुढे, शेरिफम्यूरच्या लढाईत घोडदळ घेऊन होता. तो राजपुत्र डिसेंबरात पीटरहेडला उतरला तो कीथांच्याच घरात राहिला, आणि स्टोनहेवनजवळच्या फेटरेसो या कीथांच्या वाड्यात त्याने काही दिवस दरबार भरविला. पुढच्या फेब्रुवारीत तो निमूटपणे जहाजावर चढून फ्रान्सला गेला. अर्ल मागे राहिला व पुढे कसाबसा निसटला. १७१६मध्ये पार्लमेंटने त्याला राजद्रोही ठरविले. पदवी, हुद्दा आणि सारी मिळकत खालसा झाली. १७१८च्या सुमारास गडावरील तुळया, तक्तपोशी, छपरे उतरवून नेण्यात आली, आणि १७२०मध्ये जमीन यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीला विकण्यात आली. ही कंपनी मुळात थेम्स नदीचे पाणी लंडनकरांना पुरविण्यासाठी निघालेली. सट्ट्याच्या त्या दिवसांत जप्त झालेल्या स्कॉटिश जहागिरी स्वस्तात घेऊन फायदा काढावा असा बेत तिच्या चालकांनी केला होता. वॉलेस, एडवर्ड, माँट्रोज, क्रॉमवेल यांना जे साधले नाही ते लिलावाच्या हातोड्याने साधले: छप्पर गेल्यावर पाऊस आणि समुद्रवारा यांना काही हुकूम लागत नाही.

जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ जेम्स यांनी उरलेले आयुष्य परक्या दरबारी काढले. १७१९मध्ये स्पेनच्या मदतीने अर्लने पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा उठाव करून पाहिला. ग्लेनशील येथे तो एका दिवसात मोडला. जेम्स प्रथम स्पेनच्या, मग १७२८पासून रशियाच्या सैन्यात गेला, तुर्कांच्या युद्धात १७३७मध्ये ओचाकोवच्या वेढ्यात गुडघ्याला गोळी लागून लंगडा झाला, आणि १७४७मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने त्याला फील्ड मार्शल नेमले. १४ ऑक्टोबर १७५८ रोजी होखकिर्खच्या लढाईत पहाटेच्या अंधारात ऑस्ट्रियन सैन्याने छावणीवर छापा घातला तेव्हा तो लढता लढता पडला. इतकी वर्षे सेनापती असून मागे ठेवलेला पैसा मूठभर, हे त्याच्या भावाने विनोदाने आणि अभिमानाने लिहून ठेवले आहे. ओचाकोवच्या कत्तलीतून त्याने उचललेली एक अनाथ तुर्की मुलगी, एमेतुल्ला, भावाच्या घरी मुलीसारखी वाढली.

अर्ललाही फ्रेडरिकने जवळ केले: पॅरिसला वकील, मग स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलचा सुभेदार, आणि मध्यंतरी माद्रिदला वकील. १७६२मध्ये फ्रान्स व जिनिव्हा या दोन्ही ठिकाणांहून परागंदा झालेला रूसो न्यूशातेलच्या हद्दीत आश्रयाला आला तेव्हा त्याला ठेवून घेणारा हाच वृद्ध स्कॉट. ज्याचे आजे-पणजे धर्मोपदेशकांच्या धाकात होते त्याने धर्मोपदेशकांनी हाकललेल्या लेखकाला थारा द्यावा, हा काळाचा फरक आहे की वनवासाने शिकविलेली सहिष्णुता, हे ठरविणे कठीण. १७५९मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला माफी दिली, आणि १७६४मध्ये तो आपल्या जुन्या जमिनीचा लिलाव व्हायचा होता तेथे स्वतः हजर राहिला. त्याच्यावर बोली चढविण्यास कोणीही पुढे आले नाही, आणि सभागृहाने टाळ्यांचा गजर केला. जमीन मिळाली, पण ती घेऊन तो तेथे राहिला नाही. उत्तरेची थंडी आणि शेजाऱ्यांची कडक धर्मनिष्ठा या दोन्हींची त्याला सवय उरली नव्हती, फ्रेडरिकची आर्जवी पत्रे येत होती, आणि १७६४मध्येच तो पॉट्सडॅमला परतला. डनॉटर पुढे दुसऱ्या एका कीथ शाखेला विकले गेले. मे १७७८मध्ये अर्ल अविवाहित वारला, आणि मारिशलांचा थेट पुरुषवंश त्याच्याबरोबर संपला. गडावर त्यानंतर जवळजवळ दीड शतक दगड ढासळण्यापलीकडे काही घडले नाही. १९१९मध्ये कौड्रे घराण्याने तो विकत घेतला आणि १९२५पासून लेडी कौड्रेने पडझड थांबवून भिंती सांधल्या.

पुरुषवंश संपला तरी मुलीचा वंश चालू होता. शेवटच्या अर्लची बहीण मेरी कीथ विगटनच्या अर्लला दिलेली होती. तिची मुलगी क्लेमेंटिना एल्फिन्स्टन घराण्यात पडली. क्लेमेंटिनाच्या एका मुलाचे नाव मामेआजोबांवरून जॉर्ज कीथ ठेवले. तो आरमारात ॲडमिरल झाला, ‘लॉर्ड कीथ’ ही पदवी त्याने घेतली, आणि १८१५मध्ये शरण आलेल्या नेपोलियनला सेंट हेलेनाला धाडण्याचा सरकारी निर्णय कळविण्याचे काम त्याच्याकडे आले. क्लेमेंटिनाच्या थोरल्या मुलाचा मुलगा म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याला महाराष्ट्रात वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. १८१८चा फेब्रुवारी महिना स्कॉटांच्या व मराठ्यांच्या अशा दोन्ही इतिहासांत शोधून पाहावा. त्या महिन्याच्या ४ तारखेला एडिंबरोच्या किल्ल्यात, १७०७च्या एकीकरणापासून कुलूपबंद पडून असलेली एक ओकची पेटी वॉल्टर स्कॉट व इतर अधिकाऱ्यांच्या देखत फोडण्यात आली, आणि किनेफच्या फरशीखाली ज्यांनी आठ वर्षे काढली होती तो मुकुट, तो राजदंड व ते खड्ग तागाच्या कापडात गुंडाळलेले जसेच्या तसे मिळाले. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ११ फेब्रुवारीला, सातारचा किल्ला आदल्याच दिवशी हाती आलेला असताना, मेरी कीथच्या या पणतवाने पेशव्यांचे राज्य बुडाल्याचा जाहीरनामा साताऱ्याहून काढला. त्याच्या पणजीच्या माहेरचे वतन राजद्रोहाच्या कलमाखाली जप्त होऊन १०२ वर्षे झाली होती. त्या जाहीरनाम्यात मराठी मुलखातील वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांच्या नेमणुका पूर्ववत चालतील असे अभिवचन आहे.